बिनदाराच्या घरातला मिनँडर

साळवेबाईंच्या घरी चहाला गेलो की मी कप डाव्या हातात धरतो. उजवा हात खिशात असतो आणि त्याची मूठ आवळलेली असते. बाई एकेक डबी उघडतात, आतलं नाणं बोटाने माझ्याकडे सरकवतात आणि म्हणतात, "हे बघा उदावंत, परवाच आलं." मी "वा, सुंदर" म्हणतो. नाणं खरोखरच सुंदर असतं, तीच तर अडचण आहे. घरी परत येताना रिक्षात माझा चेहरा इतका पडलेला असतो की एकदा रिक्षावाल्याने विचारलं होतं, कोणाकडे दहाव्याला गेला होतात का म्हणून.

धंद्यातले अनुभव लिहा, असा या अंकाच्या मंडळींचा आग्रह. माझा धंदा टाक पाडण्याचा. अहिल्यानगरच्या, म्हणजे आमच्या तोंडातल्या नगरच्या, सराफ बाजारामागच्या गल्लीत आमचं दुकान आहे. आता मुलगा बघतो, मी कोपऱ्यात बसून त्याला चुका दाखवतो. टाक म्हणजे देवघरातला चांदीचा छोटासा पत्रा, त्यावर देव उठवलेला. खंडोबा, भवानी, म्हसोबा, ज्याचं जे कुळदैवत असेल ते. पंचधातूच्या ठशावर चांदीचा मऊ केलेला पत्रा ठेवायचा, त्यावर शिशाचा गोळा, शिशावर हातोडा. पत्रा ठशात बसतो आणि देव वर येतो. माझ्याकडे आजोबांच्या वेळचे ठसे आहेत, आणि नगर जिल्ह्यातल्या कितीतरी देवघरांत आमचाच खंडोबा एकाच बाजूला जरा तिरका बसलेला आहे. ठशातच तो तिरका आहे. कोणी तक्रार केलेली नाही.

घरात लग्न निघालं की लोक आपले देव सोनाराकडे उजळायला आणतात. रिठ्याचं पाणी, चिंच, मऊ ब्रश, आणि देव पुन्हा नवे. फार झिजलेला देव आटवून, त्याच चांदीत थोडी भर घालून नवा पाडायचा. आटवताना गिऱ्हाईक समोर बसतं, मूस भट्टीत जाते तिथपासून चांदी बाहेर येईपर्यंत. सोनारावर विश्वास नसतो असं नाही, पण देव आपल्या नजरेसमोर वितळावा अशी रीत आहे. ती चांगलीच रीत आहे. ही रीत नसती तर माझ्या हातून काय झालं असतं ते मी सांगू शकत नाही.

ग्रीक नाण्यांचा नाद मला मोडीतून लागला. मोड म्हणजे आटवायला आलेली जुनी चांदी: तुटके वाळे, जोडवी, करदोडे. त्यात एकदा गळ्यातल्या माळेत ओवायला कडी लावलेलं एक लहानसं नाणं निघालं. त्यावर एका माणसाचं डोकं होतं, आणि ते डोकं आमच्या ठशांसारखं समोर बघत नव्हतं, बाजूला बघत होतं. नाक, जबडा, केसांना बांधलेली फीत. तेवढ्याशा जागेत कोणीतरी एक जिवंत माणूस बसवला होता. मी ठसेवाला. हे कसं केलं असेल ते मला कळत होतं: खाली एक ठसा, वर दुसरा, मध्ये चांदीची टिकली आणि जोराचा घाव. पण ठसा कोरणाऱ्याचा हात कसला असेल, ते कळत नव्हतं. दोन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या एका कारागिरावर मी त्या दिवशी पहिल्यांदा जळलो. अजून जळतो.

नाणं कोणाचं ते विचारायला मी कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या साळवेबाईंकडे गेलो. ओळख झाली त्याच दिवशी आमचं वैर सुरू झालं. अर्थात एकतर्फी, त्यांना अजून त्याचा पत्ता नाही. बाईंनी भिंग लावलं आणि कडेची अक्षरं घडाघडा वाचली. त्यांचे आजोबा पाद्री होते. धर्मग्रंथ मुळातून वाचता यावा म्हणून ते ग्रीक शिकले आणि नातीला अंगाखांद्यावर खेळवताना अक्षरं शिकवली. माझ्या आजोबांनी मला शिकवलं ते तिरका खंडोबा पाडायला. यात कोणाचा दोष नाही, पण मला राग आला तो आलाच.

बाईंनी सांगितलं ते थोडक्यात असं. अलेक्झांडर आला, परत गेला, पण पुढे त्याने मागे ठेवलेल्या मुलखातले ग्रीक राजे काबूल-पंजाबात शतक-दोन शतकं टिकले. त्यांची चांदीची नाणी एका बाजूला ग्रीक अक्षरांत असतात आणि मागच्या बाजूला आपल्या लोकांसाठी खरोष्ठी लिपीत, प्राकृतात. त्यांतला मिनँडर सगळ्यात नावाजलेला. बौद्ध लोक त्याला मिलिंद म्हणतात. त्याची नाणी व्यापाऱ्यांच्या कमरेला लागून भडोच बंदरापर्यंत आली, तो मेल्यावरही तिथल्या बाजारात चालत राहिली. भडोचहून नाशकावरून पैठणला माल जायचा, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या उशाजवळूनच. पुढे आपल्याकडच्या क्षत्रप राजांनीही त्याच घाटाची नाणी पाडली, पण त्यांच्या ठसे कोरणाऱ्यांना ग्रीक येत नव्हतं. ते अक्षरं नक्षी समजून कोरत गेले आणि शेवटी नुसत्या रेघा उरल्या. हे ऐकून मला फार बरं वाटलं. आपल्यासारखी माणसं तेव्हाही होती.

त्या दिवसापासून आम्ही दोघेही जमवू लागलो. कायदा बाई काटेकोर पाळतात: जमिनीत सापडलेलं सरकारजमा, आपण घ्यायचं ते घरातलं, नाहीतर नोंदणी असलेल्या विक्रेत्याकडचं. मीही पाळतो. पण नशीब बाईंच्या बाजूने. एक म्हातारा धनगर आजीच्या माळेतलं चौकोनी नाणं घेऊन माझ्या दुकानाशी आला, तेव्हा मी मेहुण्याच्या मुलीच्या लग्नात पंगत वाढत होतो. तो परत निघाला, बसस्टँडवर उसाचा रस प्यायला बसला, आणि शेजारी कोण बसलेलं असावं? नाण्याच्या एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला वशिंडाचा बैल, आणि भोवती ग्रीक अक्षरं. ते चौकोनी नाणं आजही बाईंच्या डबीत आहे. मेहुण्याशी माझे संबंध तेव्हापासून जेमतेम आहेत.

एकदाच मला वाटलं की देव मला पावला. कोणी एक विक्रेता गावात येऊन गेला आणि बाईंनी त्याच्याकडून अलेक्झांडरचं मोठं नाणं घेतल्याचं मला कळलं, तेही अगदी स्वस्तात. मी धावतच गेलो. नाण्याच्या कडेला साच्याची शिवण होती, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे टाचणीएवढे खड्डे होते. म्हणजे घाव घालून पाडलेलं नाही, ओतलेलं. सपशेल बनावट. मी शक्य तेवढा दुःखी चेहरा करून त्यांना ते सांगितलं. बाई म्हणाल्या, हो, म्हणून तर घेतलं, मुलांना खोटं नाणं कसं ओळखायचं ते शिकवायला. मग त्यांनी मला चकल्या दिल्या. चकल्याही खुसखुशीत होत्या.

पण माझ्याकडे एक गोष्ट होती जी बाईंना ठाऊक नव्हती. तिच्यावर मी इतकी वर्षं जगलो.

शनिशिंगणापूरच्या कोळपेंच्या घरातले देव आमच्याकडे उजळायला येत. त्यांची म्हातारी गयाबाई स्वतः लाल फडक्यात बांधून आणायची. त्यात एक वीर होता. वीर म्हणजे लढाईत पडलेला घराण्यातला पूर्वज, त्याचाही टाक करून पुजतात आणि धुळवडीला वाटीत घेऊन हलगीच्या तालावर मिरवतात. कोळपेंचा वीर मात्र टाक नव्हता, नाणं होतं. मिनँडरचं, चार द्रामांचं, म्हणजे चार साध्या ग्रीक नाण्यांच्या वजनाचं, भलंमोठं. राजा पाठमोरा, मान वळवलेली, हातातला भाला उगारलेला, आणि खांद्यावर बकऱ्याचं कातडं. कोळपे त्या कातड्याला घोंगडी म्हणत. मागच्या बाजूला ढाल घेतलेली, वीज फेकणारी ग्रीक देवी अथीना. ती त्यांच्या लेखी वीराची भवानी. एकाच चांदीत वीर आणि देवी, म्हणून तो फार कडक, असं गयाबाई सांगायची.

ते नाणं मी इतर देवांसारखं घासलं नाही. चिंच नाही, ब्रश नाही. कोमट रिठ्याच्या पाण्यात बोटाने, बाळाला न्हाऊ घालावं तसं. बाजारात त्याला भाव नाही, कारण जुन्या नाण्यावरची काळी साय पिढ्यानपिढ्या हळदीने न् राखेने निघून गेलेली. पण भाल्यावरची मूठ अजून शाबूत आहे, आणि ती माझ्या बोटामुळे आहे, एवढं मी म्हणेन. त्याच्यावरून ठसा कोरायचाही मी प्रयत्न केला. माझ्या राजाचा खांदा बटाट्यासारखा झाला. ठसा आटवून टाकला.

गयाबाईला मी एकदा विचारून पाहिलं, आजी, हा मला देता का, याच्या बदली हवा तसा वीर पाडून देतो. ती रागावली नाही. "देव इकत्यात व्हय कुठं?" म्हणाली आणि फडक्याची गाठ मारली.

आता शिंगणापूरची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. घरांना दारं नाहीत. कोळपेंच्या घराच्या चौकटीत नुसता पडदा, आत शिरलं की समोर देवळी, आणि देवळीत मिनँडर. येणाराजाणारा भाविक पाणी मागायला आत येई, चपलांपाशी उभा राही, आणि हाताच्या अंतरावर ते नाणं. माझी सगळी नाणी लोखंडी कपाटात, कपाटाला दोन किल्ल्या, दुकानाला शटर, घराला जाळीचं दार. तरी मला रात्री धड झोप लागत नाही. गयाबाई म्हणे दुपारी देवळीखालीच आडवी व्हायची आणि घोरायची. मला त्या घोरण्याचासुद्धा हेवा वाटत असे.

मग एके दिवशी तिचे दोघे मुलगे दुकानात आले. थोरला भानुदास शेती बघतो. धाकटा विलास शिंगणापुरात तेल आणि रुईच्या माळांचं दुकान चालवतो आणि नुकताच घोडेगावला नवं घर बांधून वेगळा झालेला. घरं वेगळी झाली की देव थोरल्याकडे राहतात आणि धाकटा नवे पाडून घेतो. त्यात कोणी भांडत नाही, कारण ठसा तोच असतो. पण या वीराचा ठसाच नव्हता. आणि विलासला वीर हवाच होता, त्याच्या मुलीचं दुखणं वीरापुढे बसूनच गेलं होतं.

विलासने लाल फडकं काउंटरवर ठेवलं. "आप्पा, आमचं ठरलंय. ह्यो आटवा. निम्मी निम्मी चांदी घालून दोन वीर पाडा. आमी बसतो समूर."

भानुदासने स्टूल ओढून घेतलं.

मी म्हणालो, मूस तडकलीय, नवी पुण्याहून यायची आहे, आठवडा जाईल. धडधडीत खोटं. मागच्या खोलीत मुलाची भट्टी चालू होती, तिचा आवाजही येत होता. त्यांनी फडकं परत बांधलं आणि गेले.

मी कोपऱ्यात बसून राहिलो. त्यांना समजावणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. सोनार म्हणतो आटवू नका, म्हणजे सोनाराच्या मनात काहीतरी आहे, एवढं कोणालाही कळतं, आणि ते खरंच होतं. त्या नाण्यावर काय लिहिलंय ते वाचून दाखवणारं, ज्याचं ऐकतील असं माणूस नगरात एकच. म्हणजे इतकी वर्षं जे एकट्याने जपलं ते आपल्या हाताने साळवेबाईंपुढे ठेवायचं. मी दोन दिवस लावले. बायको म्हणाली, "तुम्हाला ते आटलेलं चालेल, पण बाईंनी बघितलेलं चालणार नाही, असं आहे का?" दोन दिवस मी तेच तर ठरवत होतो.

बाईंनी गाडी काढली. या वयात त्या स्वतः चालवतात, मला सायकलपलीकडे येत नाही. मी वाटेत सगळं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "इतकी वर्षं तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

कोळपेंच्या घरी सगळे जमले. बाईंनी चपला काढल्या, विचारून मग नाणं हातात घेतलं. भिंग शोधताना त्यांनी पिशवी उपडीच केली. मला वाटलं होतं मला मजा येईल, पण नाही आली. त्यांनी अक्षरं वाचली: राजा, तारणारा, मिनँडर. मागच्या बाजूची खरोष्ठी उजवीकडून डावीकडे वाचली: महाराज, त्राता, मिनँडर. गयाबाई पदर सावरून ऐकत होती. "म्हंजे आमच्या वीराला नाव हाय," ती म्हणाली. मग तिने विचारलं त्याला मुलंबाळं होती का, लढाईत कसा पडला.

बाईंनी त्याच्या मरणाची गोष्ट सांगितली. छावणीत मेला. लोकांचा इतका लाडका होता की त्याच्या राखेवरून शहराशहरांत भांडण लागलं. शेवटी राखेचे सारखे वाटे केले आणि प्रत्येक शहराने आपापल्या वाट्यावर स्मारक बांधलं.

बाईंनी ही गोष्ट थोरवी म्हणून सांगितली. विलास ताठ बसला. "बगा," तो म्हणाला, "मंग आमी काय येगळं करतुय? तवाबी वाटलाच की."

भानुदासनेही मान हलवली. त्या दोघांचं पुन्हा एकमत झालं होतं. बाईंनी भिंग खाली ठेवलं. इतक्या वर्षांत त्यांची चूक झालेली मी पाहिली नव्हती, आणि आज पाहिली तर ती माझ्याच मुळावर आली.

गयाबाईने हात पुढे केला आणि बाईंकडून नाणं घेतलं.

"त्यो मेल्यावर वाटला, इलास. राख वाटली. आमचा वीर दर धुळवडीला नाचतुया. जित्याचे वाटे कोन करतं?"

बाहेर भाविकांची एक बस येऊन थांबली, तिचा हॉर्न तेवढा वाजला.

मग तिनेच निवाडा केला. एक धुळवड ते दुसरी धुळवड वीर भानुदासकडे, पुढची विलासकडे. नेताना वाटेत नगरला आप्पाकडे उजळायचा, म्हणजे मधला एक दिवस तो दोघांपैकी कोणाच्याच ताब्यात नसेल. शिंगणापूरहून घोडेगावला जायला नगर वाटेत लागत नाही, पण मी ते सांगायला गेलो नाही. विलास म्हणाला, चालेल. तेव्हा म्हातारीने अट घातली.

"पन तुझ्या घराला दार हाय. ह्यो कवाच दाराआड ऱ्हायला न्हाई. तुझ्याकडं यायचा तर चौकटीतनं दार काढावं लागंल."

घोडेगाव म्हणजे हमरस्त्यावरचं गाव. दिवसरात्र ट्रक, अनोळखी माणसं. विलासच्या बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. सागवानी दार, हौसेने करून घेतलेलं, त्यावर गणपती कोरलेला.

मी तेवढ्यात, का ते मला अजून कळत नाही, म्हणून टाकलं, "आजी, नाहीतर मी ठेवतो. दोघांच्या मधे. माझ्याकडे कपाट आहे."

गयाबाई हसली. दात नव्हते, तरी हसू पुरेपूर. "आप्पा, तुमचं कपाट म्या बगितलंय. दोन किल्ल्या हायेत त्याला. आमच्या वीराला तिथं गुदमरंल."

विलासकडचं वर्ष भरत आलं त्या धुळवडीला मी आणि बाई घोडेगावला गेलो. हलगी वाजत होती, विलासची मुलगी हळदीने माखलेली वाटी डोक्यावर धरून पुढे नाचत होती आणि वाटीत मिनँडर चमकत होता. घराच्या चौकटीत पडदा लावला होता. सागवानी दार ओसरीत भिंतीला टेकवून ठेवलेलं, गणपती आडवा. विलास मला म्हणाला, सुरुवातीला झोप लागली न्हाई आप्पा, आता लागती.

त्या दाराकडे पाहत मी माझ्याशीच हिशोब केला. जी गोष्ट मी अर्धं आयुष्य मागत होतो, तिची किंमत हीच होती, आणि मी ती देऊ शकलो असतो का? नाही. माझं कपाट, माझी जाळी, माझं शटर, यातलं काहीच मी काढलं नसतं.

परतताना बाईंनी गाडी हमरस्त्यावर घेतली. मग रस्त्याकडेच बघत म्हणाल्या, "उदावंत, मी दार काढलं असतं."

खरं की नुसतंच म्हणाल्या, ते मला माहीत नाही. विचारायची माझी छाती झाली नाही. त्यांच्या डबीतल्या त्या चौकोनी नाण्याचा मला आता पूर्वीसारखा हेवा वाटत नाही. त्या वाक्याचा मात्र वाटतो, आणि रोज संध्याकाळी शटर ओढून कुलूप लावताना तो नेमाने वाटतो.